चौदावा नंबर, हिरवी पेटी

आमच्या घरात इंग्रजीचा एकच शब्द सगळ्यांना येतो, आणि तो मराठी आहे असं सगळ्यांना वाटतं. तो शब्द म्हणजे नंबर.

बापू, म्हणजे माझे वडील, शेताला नंबर म्हणतात. "जरा नंबरात जाऊन येतो," असं म्हणून ते सकाळी घराबाहेर पडतात. माय चष्म्याला नंबर म्हणते आणि रोज तो नंबर डोक्यावर ठेवून घरभर शोधते. मामा सीताफळं घेऊन आला की तो एक नंबरचा माणूस, रिकाम्या हातानं आला की नंबरी. थोरल्या बहिणीचं लग्न जमलं तेव्हा तिचा नंबर लागला, आणि त्याच महिन्यात शेजारचे म्हातारे आप्पा गेले तेव्हा त्यांचाही नंबर लागला. त्यामुळं मी दहावी पास झाले आणि बापू गल्लीभर सांगत सुटले, "आता रेखाचा नंबर लातूरला लावायचा!" तेव्हा समोरची कोंडाबाई पदर डोळ्याला लावूनच आमच्या दारात आली.

"काय दुखत होतं गं लेकराला?"

"काही न्हाई मावशी, शिकायला चाल्ले मी," मी म्हणाले.

"अगं बाई! म्या तर शेजारणीला भाकरी टाकायला सांगून आले!"

हदगाव तालुक्यातलं आमचं गाव. मी आमच्या घरातली अकरावीत जाणारी पहिली. एक्क्याऐंशी टक्के मिळाले होते, आणि मराठवाड्यात तेव्हा एक्क्याऐंशी टक्क्यांना एकच दिशा होती. पोरगं हुशार निघालं की लातूरला न्यायचं, तिथं क्लासला टाकायचं आणि दोन वर्षांनी डॉक्टर करून परत आणायचं. गिरणीत गहू टाकले की पीठ पडतं, तसं. ज्या क्लासचं नाव बापूंनी ऐकलं होतं तिथं परीक्षा नव्हती, ओळख चालत नव्हती. ठरलेल्या दिवशी सकाळी खिडकी उघडणार, आणि येईल त्याला नंबरानं प्रवेश. जागा संपल्या की खिडकी बंद.

"नंबरानं ना?" बापू मिशीत हसले. "मंग झालंच म्हण."

ही बढाई नव्हती. नंबर लावण्यात बापूंचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नाही. आमच्याकडं नंबरला माणूस उभा राहत नाही, वस्तू उभी राहते. गिरणीपुढं डबा, रॉकेलला कॅन, रेशनला पिशवी, आणि काहीच हाताशी नसलं तर दगड. दगडसुद्धा ज्याचा त्याचा ओळखू येतो. वस्तू ठेवायची आणि आपल्या कामाला जायचं. तिला कुणी हात लावत नाही, पुढं सरकली तर सगळ्यांबरोबर सरकते. बापूंनी एकदा हदगावच्या दवाखान्यात बाकाखाली आपली चप्पल नंबरला ठेवून बाजार केला होता. कंपाउंडर बाहेर येऊन ओरडला, "चौथा नंबर, डावी चप्पल!" आणि बापू एका पायानं लंगडत वेळेवर हजर! (कंपाउंडरनं त्यांना गुडघ्याच्या डॉक्टरकडं पाठवायचं म्हणून कागदही केला होता.)

तर आम्ही दोघं लातूरला आत्याकडं उतरलो. बरोबर माझी पत्र्याची हिरवी पेटी. तिच्यात कपडे, दहावीची पुस्तकं (का आणली होती, मला आजही सांगता येत नाही), मायनं केलेला चिवडा आणि कापडाच्या दुकानाच्या पिशवीत घातलेलं गुणपत्रक. दुसऱ्या दिवशी सहा वाजताच आम्ही पेटीसकट क्लासच्या गल्लीत हजर झालो.

गल्लीत शिरलं की क्लासची लांब भिंत. भिंतीवर लाल अक्षरात 'प्रवेश सुरू'. आणि बरोबर त्या अक्षरांखाली, डोळ्याचं पारणं फिटावं अशी लाइन! दोन घागरी, एक डालड्याचा डबा, बादल्या, एक कॅन, एक अर्धी वीट आणि शेवटी टायरची चप्पल. बापू थबकले. त्यांना माहेरी आल्यासारखं झालं.

"बघ बाई! लातूर लातूर म्हणत्यात, पण रीत आपलीच हाय!"

भिंतीच्या टोकाला वळणावर पन्नास-साठ पोरं-पोरी आईबापांसह उभी होती. ती कशाला उभी आहेत, असं माझ्या मनात आलं. आधीपासून शिकणारी असतील, आत जायची वाट बघत असतील, असं मी ठरवलं. (ठरवलं. विचारलं नाही.)

"तरी एकदा इचारून ये," बापू म्हणाले. "तू शिकलेली हायस."

आता माझं सांगते. मला अनोळखी माणसाला काही विचारायचं म्हटलं की घशात भाकरीचा कोरडा तुकडा अडकल्यासारखं होतं. वर्गात मी तीन वर्षं चुकीच्या बाकावर बसले, कारण माझा बाक कोणता हे विचारायचं राहून गेलं होतं. मी त्या पोरांच्या दिशेनं वीस पावलं गेले. एका पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी लगेच शेजारच्या हातपंपाकडं वळले, दांड्याला हात लावला, तिथं काही फार महत्त्वाचं तपासल्यासारखं केलं आणि परत आले.

"हाव बापू. हीच लाइन."

बापूंनी पेटी उचलली, चपलेच्या मागं ठेवली, दोन पावलं मागं जाऊन ओळंबा बघावा तशी बघितली आणि पुन्हा सरळ केली. नंबर मोजले. "चौदा! चौदा नंबर म्हंजे पहिल्या बाकावर बसतीस तू!" कुलूप काढून किल्ली त्यांनी कोपरीच्या खिशात टाकली, म्हणजे कागद मागितले की उशीर नको. मग मला पेटीजवळ बसवून ते कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहाला गेले.

तास गेला, दुसरा गेला. आमच्यामागं बादल्या लागल्या, कळशा लागल्या. वळणावरची माणसांची लाइन वाढत गेली, मग सरकू लागली. उन्हात उभी असलेली ती पोरं बघून मला मनापासून वाईट वाटत होतं. कशाला बिचाऱ्यांनी ताटकळायचं? एखादी वस्तू ठेवायची, निवांत बसायचं! मी तर चिवड्याचे दोन घासही खाल्ले.

साडेनऊच्या सुमाराला एक जाड, चष्मा घातलेल्या बाई आल्या. शेजारच्या शिलाईच्या दुकानातल्या त्या शमीमचाची, हे मला नंतर कळलं. गल्लीतल्या सगळ्या लाइनींचा कारभार त्यांच्याकडं होता. त्यांनी हातातल्या मोजपट्टीनं एकेका वस्तूला टोचत मोजणी केली. पेटीपाशी थांबल्या, माझ्याकडं बघितलं, पेटीकडं बघितलं.

"नवीन आये क्या गल्ली में?"

मी मान हलवली. ती हो होती का नाही, ते माझं मला कळलं नाही. त्यांनी ती हो धरली.

"अच्छा. चौदा. हिलना नक्को."

आणि मग गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. सगळ्या घरांतून बायका, माणसं, सुना पळत आल्या. आणि भिंतीला घासत, मागं मागं येत, शेपटीला जाड पाईप लोंबत असलेला पाण्याचा टँकर आमच्या लाइनीच्या डोक्याशी उभा राहिला.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. घागरी कळल्या, बादल्या कळल्या, कॅनही कळला. अर्धी वीटसुद्धा कळली, तिची मालकीण दोन हंडे घेऊन आली होती. पण पेटी उचलून चालू पडावं, तर पुढं-मागं बायकांची भिंत! आणि ओरडून 'चुकलं' म्हणावं, तर घशात तो तुकडा.

"बारा!" शमीमचाची ओरडल्या. "तेरा! पैर निकालो ना अम्मा! चौदा! चौदा किधर हाय?"

चौदा हा शब्द कोपऱ्यावरच्या हॉटेलात बापूंनी ऐकला. उभ्या आयुष्यात त्यांचा एकही नंबर चुकलेला नाही. ते बशीतला चहा तसाच टाकून धावत आले. गर्दीत त्यांना टँकर दिसला नाही, पाईप दिसला नाही, काही दिसलं नाही. "हाय, हाय! चौदा आमचा!" म्हणत ते माणसांतून आडवे घुसले, पेटीशी गुडघ्यावर बसले, झाकण उघडलं आणि कागद काढायला मान आत घातली.

"बापू," मी म्हणाले. पण ते मी मनातल्या मनात म्हणाले होते.

पाईपवाल्याचं लक्ष मागच्या हंड्याकडं होतं. चौदा नंबरचं भांडं उघडं आहे एवढं त्याला दिसलं. त्यानं पाईप आत सोडला.

बापू पाण्यातून वर आले ते टोपीशिवाय. टोपी पेटीत चिवड्याबरोबर तरंगत होती. पुस्तकं, कपडे, सगळं गडप. आणि पेटी? पेटी नांदेडहून पारखून आणलेली होती. एक थेंब गळाली नाही!

"या अल्ला!" शमीमचाची किंचाळल्या. "बंद कर रे, बंद कर! ऐ पोरी, पेटी में कायकू पानी लेरी तू?"

"ॲडमिशनला आलोय ना आमी," बापू टोपी पिळत म्हणाले. "पोरीचा नंबर हाय."

गल्लीनं पेटीत वाकून बघितलं. मग जी हसली! एक आजी तर हसता हसता विटेवर बसल्या. पाईपवाला टँकरला टेकून डोळे पुसत होता. बापू मात्र अजून माझ्याकडंच बघत होते, आणि मी पेटीतल्या चिवड्याकडं.

चाची हसल्या आणि लगेच कामाला लागल्या. "रोते नै, रोते नै. कागज निकाल पहले." गुणपत्रकाच्या पिशवीत पाणी शिरलं होतंच. चाचींनी ते दोन बोटांत धरून दुकानात नेलं. त्यांच्या नवऱ्यानं शिवणं थांबवलं, गुणपत्रकावर धोतराचं फडकं अंथरलं आणि कोळशाच्या इस्त्रीनं माझे मार्क हळूहळू वाळवायला घेतले. गणितावर इस्त्री जरा जास्त थांबली की माझा जीव वर-खाली व्हायचा. इकडं बाहेर खिडकीची लाइन सरकतच होती! पण ओला कागद नेऊन द्यायचा कसा?

गुणपत्रक शेवटी कागदापेक्षा कडक कॉलरसारखं झालं, तेव्हा अकरा वाजले होते. ते घेऊन, पाण्यानं जड झालेली पेटी दोघांत धरून, पचपच वाजणाऱ्या पायांनी आम्ही माणसांच्या लाइनीच्या शेवटी लागलो. खिडकीपर्यंत पोचलो तर आत बसलेल्या क्लार्कनं रजिस्टर मिटलं होतं.

"जागा संपल्या. एकशे साठ झाले."

"साहेब," बापू म्हणाले, "सकाळी सहापासून हाओत आमी. चौदावा नंबर होता पोरीचा."

"कशात?"

बापूंना खोटं येत नाही. "पाण्यात," ते म्हणाले.

मागची माणसं फुटली. क्लार्कनंही रजिस्टर तोंडापुढं धरलं. बापूंनी टोपी हातात घेतली. "चूक माझी हाय साहेब. मी येडा, लाइन वळखली न्हाई. पोरीला काय म्हाईत? तिच्या मार्काकडं बघा तुमी."

हे मात्र मला सहन झालं नाही. माणसांनी हसावं, त्याला माझी हरकत नव्हती. पण बापूंनी नंबर चुकल्याचा डाग स्वतःवर घ्यावा? त्यांनी! मी तोंड उघडलं आणि काय आश्चर्य, आवाज आला. जरा जास्तच आला.

"चूक माझी हाय! बापू, मी इचारलंच न्हवतं! मी नुसती हातपंपापर्यंत गेल्ते!"

लाइनीनं माना वळवल्या. (एवढ्या माणसांपुढं मी बोललेलं ते पहिलं वाक्य, आणि तेही कबुलीजबाब!) बापू माझ्याकडं वळले.

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "दांड्याला हात लावून आली, ते पाह्यलं की मी."

"मंग तुमी कामून न्हाई गेलात इचारायला?"

बापू टोपीतलं पाणी पिळत राहिले. "मला वाटलं, शिकलेल्या माणसाला नुस्तं लांबून बघून कळत असंल."

क्लार्कनं गुणपत्रक मागून घेतलं, वाजवून बघितलं. "एवढं कडक मार्कमेमो मी आजवर पाह्यलं न्हाई," तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, "एक जागा हाय म्हणा. खालच्या पत्र्याच्या शेडमधली बॅच भरली. माडीवर स्लॅबखाली चाळीसची बॅच हाय. तिथं सात जण बसलेत. भूकंपापासून वर कोणी लेकरू बसवंना. तुमची तयारी असंल तर लिहितो."

बापूंनी वर बघितलं. भूकंपाला तेव्हा फार काळ लोटला नव्हता. किल्लारीकडं ज्यांची घरंच्या घरं गेली, त्यांच्यापुढं आमची भीती म्हणजे चैनच. आमच्या गावात मडकी हलली, एवढंच. पण त्या सकाळपासून बापू पावसाळा सोडला तर अंगणातच झोपत होते, आणि देवळात गेले तरी एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवत. क्लार्कचं पेन थांबलं होतं.

"लिहा," बापू म्हणाले. "पण पहिल्या दिशी मी बसून बघणार वर."

आणि ते खरंच बसले! दुसऱ्या दिवशी माडीवरच्या वर्गात शेवटच्या बाकावर, जिन्याच्या तोंडाशी, मांडी घालून. सरांनी आधी दुर्लक्ष केलं, मग विचारलं, "आजोबा, आपण?"

"तुमचं चालू द्या. मी स्लॅबवर ध्यान ठिवून हाय."

सर फळ्याकडं वळले. गतीचा पहिला नियम लिहून झाला. स्थिर वस्तू स्थिर राहते, असं ते म्हणाले, आणि त्याच वेळी खिडक्यांच्या काचा थरथरल्या, बाकं थरथरली, सरांचा खडू पडला.

"पळा!" बापू गरजले.

मी किती बापाला मानणारी मुलगी आहे ते तेव्हा कळलं. बापूंना ओलांडून, सरांना ढकलून, जिन्याच्या पाच-पाच पायऱ्या घेत मी सगळ्यांच्या आधी खाली रस्त्यावर पोचले. भूकंप वगैरे काही नव्हता. टँकर भिंतीला घासत मागं येत होता. शमीमचाची मोजपट्टी घेऊन उभ्या होत्या. मला एकटीला धापा टाकत आलेली बघून त्या म्हणाल्या, "आज फिर आ गई? आज बर्तन तो लाना था!"

वर बापूंचा आवाज येत होता. ते जिन्याच्या तोंडाशी आडवे हात करून उभे होते. "नंबरानं! नंबरानं उतरा! ढकलू नगा! सर, तुमीबी नंबरानं!" एकेक पोर नीट खाली आलं, मग सर आले, आणि शेवटी बापू. त्यांनी खाली येऊन सगळ्यांची मोजणी केली, मग जिन्याची रुंदी वितींनी मोजली. "जिना चांगला हाय," ते मला म्हणाले. "बस निवांत." आणि दुपारच्या गाडीनं ते गावाकडं गेले. बसमध्ये चढेपर्यंत एकदाही त्यांनी मागं बघितलं नाही, म्हणजे बहुतेक डोळे भरले असणार. (माझे भरले होते. पण ते मी कुणाला विचारू दिलं नाही.)

महिनाभरानं शेडमधल्या आणि माडीवरच्या सगळ्या पोरांची एकत्र पहिली चाचणी झाली. जिना चांगला असल्याचं पसरल्यावर तोवर माडीही भरली होती, म्हणजे दोनशे पोरं. निकाल त्याच भिंतीवर लागला. माझा नंबर एकशे अठ्ठ्याण्णव. उरलेले दोघं त्या दिवशी तापानं आजारी होते.

दोन दिवस मी काहीच कळवलं नाही. मग पत्र लिहिलं, कारण बापूंना खोटं येत नाही आणि मला ते लिहिता येत नाही. नंबर स्पष्ट आकड्यात घातला, खाली 'चुकले, क्षमा असावी' असंही लिहिलं, आणि बापूंच्या उत्तराची वाट बघत राहिले.

उत्तर आलं नाही. दिवाळीला गावी गेले तर बसस्टँडवरच रॉकेलवाला, गिरणीवाला आणि हेडसर असे तिघं मला बघून उठून उभे राहिले. कोंडाबाई भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायला पुढं आली. बापूंनी माझं पत्र गावभर वाचून दाखवलं होतं, खालची क्षमा तेवढी सोडून.

"रेखा आली का?" हेडसर म्हणाले. "शाबास पोरी! आख्ख्या लातुरात पहिल्या दोनशांत नंबर!"

चूक दुरुस्त करायला मी तोंड उघडलं. घशात तो तुकडा होता, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी पहिल्यांदाच मला तो गोड लागला.